आजीची खुर्ची, आबांची सायकल

मागच्या दिवाळीत मी एक शहाणपणा केला. एका क्लायंटकडे सहा महिने अडकलेला चेक एकदाचा क्लिअर झाला (अशा दिवशी फ्रीलान्सर माणूस राजा असतो!) आणि मी आमच्या कामथडीच्या घरी थेट एक्सरसाइज सायकल पाठवून दिली. चकचकीत, डिजिटल डिस्प्लेवाली, कॅलरी मोजणारी. दोन वर्षांपूर्वी आबांना हार्ट अटॅक आला होता. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. आजीचे दोन्ही गुडघे तर कधीपासूनच बोंब मारतायत. म्हटलं, एका सायकलीत दोघांचं काम होईल. घरबसल्या कार्डिओ, सांध्यांवर वजन नाही, आणि नातीला पुण्यात बसून समाधान. एकदम विन-विन सिच्युएशन!

संक्रांतीला घरी गेले तेव्हा सायकल पडवीत उभी होती. हॅण्डलवर आबांचं धोतर, सीटवर आजीची गोधडी. डिस्प्लेवर कुणीतरी हळदीकुंकू लावलेलं.

''आबा, चालवत का नाही तुम्ही?''

''अगं पोरी, जाग्यावर पायडल मारून जायाचं कुटं?''

आजीचं उत्तर आणखी सरळ होतं. ''त्याच्यावर चढायला पाय उचलाय नको व्हय? त्यो उचलत न्हाय म्हणून तर बसल्ये.''

आता ज्यांना कामथडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भोर तालुक्यात, पुणे-सातारा हायवेजवळ, कापूरहोळच्या अलीकडे हे गाव आहे. पुण्यापासून चाळीसेक किलोमीटर. केतकावळ्याच्या बालाजीला किंवा भोरला जाताना तुम्ही गाडीतलं गाणं बदलेपर्यंत ते मागे पडलेलं असतं. आजूबाजूला भाताची खाचरं, मागे डोंगर. जॉगिंग ट्रॅक नाही, लाफ्टर क्लब नाही, आणि 'वॉकला जाते' असं सांगून नऊवारीतली बाई रस्त्यानं निघाली तर चार जण थांबून विचारणार, ''काय वं, एसटी चुकली का?''

आणि मग मी व्हिडिओ पाठवला

सायकलीचा पोपट झाल्यावर मी स्वस्थ बसायला हवं होतं. पण रथसप्तमी आली. त्या दिवशी पुण्यात जिकडेतिकडे सामूहिक सूर्यनमस्कार असतात. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर १०८ सूर्यनमस्कारांचं चॅलेंज सुरू झालं आणि तो व्हिडिओ मी उत्साहात फॅमिली ग्रुपवरही ढकलला. खाली लिहिलं, ''आबा, तुम्ही फक्त १२ करा!''

आबांनी केले. लहानपणी शाळेत घालायचे तसे, झपाझप, श्वास कोंडून. सातव्या-आठव्या नमस्काराला खाली वाकले ते उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि अंगणातच बसले. दरदरून घाम. आजीनं शेजारच्या पोराला हाक मारली. गाडी काढून डॉक्टरकडे नेलं, ईसीजी निघाला, तो सुदैवानं नेहमीसारखाच होता. मला हे सगळं कळलं आठवड्यानं. का, तर ''पोरीला वाईट वाटंल.''

मंडळी, मी मास कम्युनिकेशन शिकलेय. कुठलीही बातमी दोन ठिकाणी तपासल्याशिवाय छापायची नाही, हे मला तोंडपाठ आहे. पण आबांना पाठवलेला तो व्हिडिओ मी एकाही ठिकाणी तपासला नव्हता. जिम जॉइन करताना स्वतःसाठी दहा प्रश्न विचारणारी मी, अटॅक येऊन गेलेल्या माणसाला ब्लूटूथ स्पीकरसारखा व्यायाम गिफ्ट करत होते!

सूर्यनमस्कारात खोट काहीच नाही. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तो घराघरांत पोचवला तो उगाच नाही. पण डोकं छातीच्या खाली नेणं आणि पटकन वर आणणं, हातांवर शरीराचा भार पेलणं, त्यात वेग आणि त्यात श्वास धरून ठेवणं, एवढं सगळं मिळून ब्लडप्रेशर झटक्यात वरखाली होतं. तिशीतलं हृदय ते निभावून नेतं. अटॅक येऊन गेलेलं, बीपीच्या गोळ्यांवर असलेलं हृदय कदाचित नाही निभावणार. जोरजोरात कपालभाती आणि भस्त्रिका करण्याचंही तसंच. टीव्हीवर कितीही सोपं दिसलं तरी हार्ट पेशंटनं ते आपल्या डॉक्टरांना न विचारता करायचं नाही.

'आराम करा' नावाचं औषध

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. फोन करून सांगितलं, ''आबा, आता काहीही करायचं नाही. डेअरीला दूध घालायलासुद्धा जायचं नाही. आराम करा!''

घरचे सगळे खूश. आबा सोडून. महिनाभरानं गेले तर ते ओट्यावर बसलेले. हायवेवरच्या गाड्या मोजत. आयुष्यभर पावसात खाचरातून फिरलेला माणूस आंघोळीचं पाणीसुद्धा स्वतः घेईनासा झाला होता. मला म्हणाले, ''आता आमचं काय, ठेवलंय तिथं ऱ्हायाचं.''

हे ऐकून पोटात कसंतरी झालं आणि मी माझ्या फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीला फोन लावला. तिनं आधी मला झापलं. मग एक गोष्ट सांगितली, ती नंतर मी वाचूनही काढली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हार्ट अटॅकच्या पेशंटला चार-सहा आठवडे बिछान्यावर सपाट झोपवून ठेवत. कुशीवर वळायचं तरी नर्सच्या मदतीनं. १९५२ मध्ये बोस्टनच्या डॉ. सॅम्युएल लेव्हिन आणि डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पेशंटला लवकरात लवकर आरामखुर्चीत बसवायचं! तेव्हा हे भयंकर धाडस वाटलं होतं. पण पेशंट बरे होत होते. पडून राहिल्यानं पायांत रक्ताच्या गुठळ्या होणं, स्नायू वाळणं आणि मनानं खचणं, हे सगळं त्या खुर्चीनं कमी केलं. आज अटॅकनंतर चालायला लावणं हा उपचाराचाच भाग आहे आणि त्याला 'कार्डिअॅक रिहॅब' असं भारदस्त नाव आहे.

आपल्याकडे मात्र बऱ्याचदा हे रिहॅब डिस्चार्ज कार्डवरच्या एका ओळीत उरकतं. 'हलका व्यायाम करावा.' हलका म्हणजे किती? कुठला? कधी? आबांच्या कार्डवरही एवढंच होतं.

सो, या वेळी आम्ही क्रमानं गेलो. आधी कार्डिओलॉजिस्टकडे. त्यांनी टीएमटी केली, गोळ्या पाहिल्या आणि सपाटीवर चालायला हिरवा कंदील दिला. मग एका रविवारी मैत्रीण माझ्यासोबत कामथडीला आली.

चालता चालता बोला

मी आबांसाठी स्मार्टवॉचही घेऊन गेले होते (सवय जात नाही!). मैत्रिणीनं ते माझ्याच मनगटावर परत बांधलं. २२० वजा वय असा जो टार्गेट हार्ट रेटचा फंडा आपण जिममध्ये वापरतो, तो आबांना लागू नाही. अटॅकनंतर अनेकांना बीटा-ब्लॉकर गटातली गोळी असते. ती हृदयाचे ठोके मुद्दाम कमी ठेवते. घड्याळ म्हणणार 'अजून पळा', आणि माणूस तर आधीच दमलेला.

तिचं मोजमाप बिनपैशाचं होतं. चालताना सलग वाक्य बोलता आलं पाहिजे. आबा भजनी मंडळातले, म्हणून तिनं त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, ''आबा, चालताना आरामात अभंग म्हणता येतोय, तर तुम्ही फारच हळू चालताय. गप्पा मारता येतात पण गाणं जमत नाही, तर बरोबर. आणि वाक्य मध्येच तुटायला लागलं, तर वेग कमी करायचा.''

आबांना हे इतकं आवडलं की त्यांनी लगेच डेअरीपर्यंत जाऊन दाखवलं, अख्ख्या वाटेवर भाऊबंदकीच्या जमिनीची कहाणी सांगत. वाक्य कुठेच तुटलं नाही. कहाणीही संपली नाही.

डेअरीचा रस्ता सपाट आहे. शेताकडचा चढाचा आहे. म्हणून सुरुवात डेअरीपासून. पहिली पाच मिनिटं रमतगमत, मग दहा मिनिटं जरा झपझप, पुन्हा पाच मिनिटं रमतगमत. एकदम थांबून मटकन बसायचं नाही, कारण पायांकडे गेलेलं रक्त परतायला वेळ लागतो आणि चक्कर येऊ शकते. दुधाची किटली शेजारच्या पोराकडे. पोटभर जेवणानंतर लगेच नाही, कडाक्याच्या थंडीत पहाटे नाही, आणि भर उन्हातही नाही. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवायची. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पण तिथे पोचायची घाई नाही. आबांना तीन महिने लागले.

आजीचा प्रश्न वेगळाच निघाला

आजीच्या गुडघ्यांबद्दल मला वाटायचं, झीज झालीये म्हणजे वापर कमी केलेला बरा. टायरसारखं. जितका कमी फिरवाल तितका जास्त टिकेल. मैत्रीण म्हणाली, इथेच सगळे फसतात. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून, आणि ते आतबाहेर होतं सांधा हलला की. शिवाय गुडघ्याचा धक्का झेलतात ते मांडीचे स्नायू. दुखतं म्हणून बसायचं, बसलं की स्नायू वाळतात, स्नायू वाळले की आणखी दुखतं. असा तो फेरा.

वजनाचंही आहेच. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एक किलो वजन कमी झालं तर प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं कमी होतो. दिवसाची पावलं मोजा आणि करा गुणाकार!

मैत्रिणीनं आजीला विचारलं, ''आजी, गुडघ्यामुळे काय करता येत नाही?'' मला वाटलं आजी म्हणेल चूल, अंगण, जिना. आजी म्हणाली, ''भजनाला जाता येत न्हाय.''

देऊळ घरापासून शंभर पावलांवर आहे. चालायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता जमिनीवर बसायचा आणि उठायचा. मी पटकन म्हटलं, ''मग खुर्ची घेऊन जा ना!'' आजी माझ्याकडे बघतच राहिली. सगळ्या बायका खाली बसलेल्या, देवही खाली, आणि ही खुर्चीवर? ''पाटलीण झाल्ये का मी?'' वर्षभर ती भजनाला गेली नव्हती आणि घरात कुणाला कारण माहीतच नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, कंटाळा आला असेल.

तेव्हा मैत्रिणीनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. पुण्यातल्याच मॉडेल कॉलनीतल्या रमामणी अय्यंगार मेमोरियल योग इन्स्टिट्यूटचा. १९७५ पासून तिथे जगभरातून लोक येतात. बी. के. एस. अय्यंगार लहानपणी स्वतः आजारानं खंगलेले, १९३७ मध्ये पुण्यात आले आणि इथलेच झाले. ज्यांचं शरीर वाकत नाही त्यांच्यासाठी त्यांनी पट्टे, लाकडी विटा, लोड, भिंतीला टांगलेल्या दोऱ्या आणि घडीच्या लोखंडी खुर्च्या वापरून आसनं बसवली. २०१४ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले. पण खुर्चीवरचा योग आज जगभर शिकवला जातो.

आजीनं फोटो लांबून, जवळून, चष्मा लावून पाहिला. ''म्हंजी एवढी मोठी माणसं बी खुर्ची घ्येत्यात?''

''घेतात आजी. खुर्ची हे त्यांचं औजार आहे.''

दुसऱ्या दिवशीपासून आजीचा व्यायाम खुर्चीवर सुरू झाला. एक, खुर्चीत बसून एक पाय गुडघ्यातून सरळ करायचा, पाचपर्यंत मोजायचं, खाली. दोन, कॉटवर पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्यानं ती दाबायची. तीन, घोटे वर-खाली. चार, भिंतीला टेकलेल्या भक्कम खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, आधी हात टेकून. प्रत्येक प्रकार पाच वेळा, मग आठ, मग दहा. आणि आकडे मोठ्यानं मोजायचे. कारण मोठ्यानं मोजणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही. श्वास कोंडून जोर लावला की बीपी चढतं, म्हणून हृदयाच्या पेशंटसाठी तर हा नियम डबल महत्त्वाचा.

दुखलं तर? व्यायाम करताना थोडं दुखणारच. पण व्यायामानंतर दोन तासांनीही आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर आज जास्त झालं असं समजायचं आणि उद्या कमी करायचं. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तर त्या दिवशी त्याला जोर नाही, फक्त हलकेच हलवायचा. आमवात असलेल्यांनी हे जास्तच पाळायचं, कारण तो नुसत्या झिजेचा प्रकार नाही आणि त्याची औषधं वेगळी असतात. मांडी घालणं, उकिडवं बसणं, वज्रासन, हे दुखऱ्या गुडघ्याला नको. पोहणं किंवा पाण्यात चालणं सांध्यांना सगळ्यात सुखाचं, पण ते पुण्यातल्या आजीआजोबांसाठी. आमच्या आजीला पाण्यात उतर म्हटलं तर ती मलाच विहिरीत ढकलेल.

योगानं अटॅक टळतो का?

हा प्रश्न आबांनी विचारला आणि त्याचं प्रामाणिक उत्तर मला शोधावं लागलं. भारतात २४ हॉस्पिटलांमध्ये, अटॅक येऊन गेलेल्या ३,९५९ पेशंट्सवर 'योगा-केअर' नावाचा मोठा अभ्यास झाला. २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. पुन्हा अटॅक, मृत्यू वगैरे टाळण्याच्या बाबतीत योग करणाऱ्यांचा फायदा ठामपणे सिद्ध झाला नाही. पण त्यांना स्वतःची तब्येत जास्त बरी वाटली आणि ते आपल्या आधीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. म्हणजे गोळ्या सोडून योग, हा सौदा तोट्याचा. गोळ्या चालू ठेवून हलका योग, फायद्याचा.

आबा म्हणाले, ''कामाला लागतो ना माणूस? मंग बास की.''

सध्या पाऊस आहे. आमच्याकडे भोर-वेल्ह्याचा पाऊस म्हणजे सगळीकडे चिखल आणि शेवाळ, आणि या वयात घसरून पडणं हे अटॅकइतकंच वाईट. त्यामुळे आबांचा वॉक देवळाच्या सभामंडपात हलवलाय. संध्याकाळी फेऱ्या मारतात, बोलत बोलत. सोबत आता आणखी तिघं जण असतात. एकाला बीपी, एकाला शुगर, तिसऱ्याला नुसतंच घरी करमत नाही. लावणीच्या वेळी बांधावर उभं राहून सगळ्यांना सूचना देण्याइतपत प्रगती आहे. खाचरात उतरायचं की नाही, ते पुढच्या तपासणीत डॉक्टर ठरवणार. आबांनी मात्र आधीच ठरवून टाकलंय, असा मला संशय आहे.

आणि आजी? मागच्या एकादशीला तिनं पडवीतली प्लास्टिकची खुर्ची उचलायला लावली आणि भजनाला गेली. मागच्या रांगेत, भिंतीला टेकून बसली. पुढच्या आठवड्यात गुडघेवाल्या आणखी दोघी आपापल्या खुर्च्या घेऊन आल्या. भजन संपल्यावर आजी हात न टेकता उठली आणि वळून माझ्याकडे पाहिलं, मी बघतेय ना म्हणून.

ती सायकल मी परत पुण्याला आणलीये. कारण या सगळ्या अभ्यासात मला आणखी एक जुनी गोष्ट सापडली. १९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसवाल्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होता. आपण लॅपटॉपवाले कुठल्या सीटवर बसलोय, ते सांगायला नकोच.

आईबाबा, आजीआजोबांसाठी हे लक्षात ठेवा

* व्यायाम ठरवण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. किती वेळ, किती जोरात, आणि कुठल्या लक्षणाला थांबायचं? उत्तरं लिहून घ्या.
* हृदय आणि सांधे दोन्हींचा त्रास असेल तर सपाटीवरचं चालणं आणि खुर्चीतले व्यायाम ही चांगली सुरुवात. जिने उतरताना गुडघ्यांवर चढतानापेक्षा जास्त ताण येतो.
* छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप, यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबून बसवा. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर सांगितल्याप्रमाणे द्या आणि १०८ ला फोन करा. 'गॅस असेल' म्हणत वाट बघू नका.
* ती गोळी व्यायामाला जाताना खिशात किंवा बटव्यात हवी, कपाटात नको.
* पायांवर सूज किंवा दोन-तीन दिवसांत अचानक वाढलेलं वजन दिसलं तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.
* चप्पल घट्ट बसणारी, न घसरणारी. खुर्ची चाकांची किंवा हलणारी नको.
* आणि व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी स्वतःला विचारा, हा कुणासाठी बनवलाय? (हा मुद्दा माझ्यासाठी!)